समुद्रघोड्याचे घर



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी मोठमोठे विषय ऐकता. राज्यघटना, अर्थकारण, संतवाङ्मय, परराष्ट्रधोरण यांच्या पंगतीत आज आम्ही एका वीतभर माशाला आणून बसवीत आहोत. विषयपत्रिका वाचून काहींना ही बालसभा असावी असे वाटले असेल. पुढच्या रांगेत मुले बसली आहेत, हे चांगलेच झाले. पण विषय पोरखेळाचा नाही. एखादा जिवंत प्राणी समुद्रातून उचलून चार काचांच्या आत ठेवावयाचा, म्हणजे समुद्र त्याच्यासाठी जे जे फुकट करीत होता ते सारे आपल्या अंगावर घ्यावयाचे. ते काय काय असते, आणि ते ठाऊक नसल्यामुळे किती जीव गेले, हे आज सांगावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. व्याख्यान जाहीर झाल्यापासून दोघाचौघांनी आम्हाला गाठून विचारले, "समुद्रघोडे मिळतात कुठे हो?" त्यांना आणि आपणा सर्वांना आमचे उत्तर एकच आहे. आपल्या देशात ते विकत मिळता कामा नयेत. २००१ साली समुद्रघोडा आणि त्याच्या कुळातले सगळे मासे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आले. तेव्हापासून त्यांना पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. मग तो मासा जिवंत असो की वाळलेला असो. आम्ही ज्या घरगुती छंदाचे वर्णन करणार आहोत तो अमेरिकेतला, इंग्लंडातला, ऑस्ट्रेलियातला. आपण म्हणाल, मग आम्हाला ऐकून उपयोग काय? अहो, चंद्रावर बिऱ्हाड करायला आपल्यापैकी कोणीच निघालेले नाही. तरी तिथे हवा नाही हे आपण आवडीने ऐकतोच. शिवाय हा प्राणी चंद्रावरचा नव्हे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांतही त्याच्या काही जाती राहतात. त्याची भूक, त्याचे आजार, त्याचे बाळंतपण यांविषयी माणसाला आज जे कळले आहे, त्यातले पुष्कळसे काचपेटीशेजारी बसून कळले आहे.

समुद्रघोडा हा मासाच. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण त्याने मासा दिसू नये याची निसर्गाने पुरेपूर काळजी घेतलेली आहे. तोंड घोड्याचे, शेपटी वानराची, डोळे सरड्यासारखे एकमेकांपासून स्वतंत्र फिरणारे आणि नराच्या पोटाला कांगारूची पिशवी. अंगावर खवले नाहीत. कातडीखाली हाडांची कडी एकावर एक रचलेली आहेत. इतर मासे आडवे पोहतात, हा उभा. शेपटीला पर नाही, म्हणून वेग नाही. पाठीवरचा एक चिमुकला पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा फडफडवीत तो कसाबसा पुढे सरकतो आणि पहिला आधार मिळताच शेपटीचा वेढा घालून थांबतो. ही शेपटी आडवी कापली तर गोल न दिसता चौकोनी दिसते. २०१५ साली काही अभियंत्यांनी अशा चौकोनी आणि गोल शेपट्यांचे नमुने तयार करून दाबून पाहिले, तेव्हा चौकोनी शेपटी दाबाखाली अधिक टिकते आणि पकडही चांगली घेते, असे दिसले. ग्रीक लोकांनी याला 'हिप्पोकॅम्पस' म्हटले. 'हिप्पोस' म्हणजे घोडा आणि 'कॅम्पोस' म्हणजे सागरी राक्षस. शास्त्रज्ञांनी तेच नाव कायम ठेवले. जाता जाता सांगतो, इटलीतील आरांझी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला १५८७ साली मानवी मेंदूत या माशासारखा वळसा घेतलेला एक भाग दिसला आणि त्यानेही त्या भागाला हेच नाव दिले. स्मरणशक्तीचे काम त्या भागात चालते. तेव्हा आजचे व्याख्यान घरी जाईपर्यंत आपल्या ध्यानात राहिले, तर ती डोक्यातल्या समुद्रघोड्याची कृपा समजावी.

आता या प्राण्याच्या सगळ्या संसाराचे मूळ जिथे आहे, त्या गोष्टीकडे वळू. समुद्रघोड्याला जठर नाही. दातही नाहीत. तोंडाची नळी भक्ष्याजवळ नेऊन तो मान झटक्यात वर करतो आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. हा झटका इतका चपळ असतो की आपल्या डोळ्यांना तो दिसतच नाही. फक्त समोरचे कोलंबीचे पिल्लू नाहीसे झालेले दिसते. एवढा मंद मासा चपळ भक्ष्याच्या इतका जवळ पोचतो कसा, याचे कोडे होते. २०१३ साली त्याच्या डोक्याचा आकारच असा निघाला की नळीच्या टोकाजवळचे पाणी हलत नाही, म्हणून भक्ष्याला चाहूल लागत नाही. बुटक्या जातीच्या समुद्रघोड्यांचे असे हल्ले दहांत आठ-नऊ वेळा यशस्वी होतात. वाघालाही हेवा वाटावा असा हा हिशेब आहे. पण गिळलेले अन्न साठवायला कोठी नाही. आले ते सरळ आतड्यात जाते, थोडे अंगी लागते, बाकीचे बाहेर पडते. म्हणून समुद्रात तो दिवसभर एका जागी शेपटी बांधून उभा राहतो आणि दिवसभर टिपत असतो. आपल्याकडे 'आज खाल्ले, उद्याचे उद्या' असे म्हणणारी माणसे असतात. या माशाला उद्यापर्यंत थांबण्याची सोयच नाही.

हे न जाणता त्याला घरी आणले म्हणजे काय होते, याचा मोठा दाखला अमेरिकेत घडला. १९५० आणि १९६० च्या दशकांत तिथल्या मुलांच्या चित्रकथांच्या मासिकांत जाहिराती येत. थोडे डॉलर पाठवा, फ्लॉरिडाहून जिवंत समुद्रघोडे टपालाने घरपोच मिळतील. हे म्हणजे फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरच्या पाणगवतातले बुटके समुद्रघोडे, जेमतेम इंचभर लांब. मुले आठ दिवस टपालवाल्याची वाट पाहत. डबा येई, पेल्यात किंवा बरणीत मिठाचे पाणी तयार होई आणि पाहुणे त्यात सोडले जात. पुढचे सांगावयास नको. बुटक्या समुद्रघोड्याला जिवंत, हलते, टाचणीच्या टोकाएवढे भक्ष्य दिवसातून अनेकदा लागते. ते रोज अंड्यांतून उबवून पुरवणारे दहा वर्षांचे पोर विरळाच. 'समुद्रघोडा नाजूक, तो काही जगत नाही' असा त्याचा लौकिक पसरला, त्यात या बरण्यांचा वाटा मोठा होता. आमच्या मते मासा नाजूक होता हे निदान अपुरे होते. तो उपाशी होता.

मग त्याचे घर कसे असावे? पेटी घेताना आपण लांबी पाहतो. इथे आधी उंची पाहावी लागते. हा उभा प्राणी आहे, आणि नर-मादीचे मीलन होते तेव्हा दोघे समोरासमोर पाण्यात वर चढतात, तिथेच अंडी मादीकडून नराच्या पिशवीत जातात. पाणी उथळ असेल तर अंडी मध्येच सांडतात. म्हणून प्रौढ माशाच्या लांबीच्या तिप्पट तरी पाण्याची उंची असावी, असा जाणत्यांचा दंडक आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा 'इरेक्टस' हा तिकडे सर्वांत जास्त पाळला जाणारा मासा; त्याच्या एका जोडीला सुमारे दीड फूट उंचीची, शंभर-सव्वाशे लिटर पाण्याची पेटी लागते. ऑस्ट्रेलियाचा मोठ्या पोटाचा 'ॲब्डॉमिनॅलिस' फूटभर वाढतो. त्याला त्याहून कितीतरी मोठी.

पाणी समुद्राचे हवे, पण पुळणीवरून कळशी भरून आणलेले चालत नाही. शहराजवळच्या समुद्रात शहराचे काय काय असते ते आपण जाणताच. स्वयंपाकघरातले मीठही उपयोगाचे नाही, कारण समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार ठरल्या प्रमाणात असतात. म्हणून त्यासाठी तयार केलेले मिश्रण शुद्ध पाण्यात विरघळवितात, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. म्हणजे ११० लिटरच्या पेटीला जवळजवळ चार किलो मीठ झाले. पुढे पाण्याची वाफ होते. मीठ मात्र उडून जात नाही. त्यामुळे रोज कमी होणारी भर साध्या शुद्ध पाण्याने घालावयाची, खाऱ्या पाण्याने नव्हे. नवशिके इथे हमखास फसतात.

पेटी भरली, दिवे लागले, पंप सुरू झाला. आता मासा सोडावा? इथेच सगळ्यांत कठीण पथ्य येते. चार ते सहा आठवडे पेटीत मासा सोडावयाचा नाही. घरातली मंडळी विचारतात, "नुसत्या पाण्याची पूजा किती दिवस चालणार?" पण त्या नुसत्या दिसणाऱ्या पाण्यात फार महत्त्वाची वसाहत वसत असते. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उष्टे अन्न सडते त्यातूनही अमोनिया निघतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. पेटीत तो माशाचे कल्ले जाळतो. निसर्गात काही जीवाणू असे आहेत की ते अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते पुष्कळ सौम्य असते. हे दोन्ही प्रकारचे जीवाणू दगडांवर, वाळूवर, गाळणीच्या सच्छिद्र भागांत हळूहळू वाढतात. म्हणून पेटीत अगोदर थोडा अमोनिया घालून थांबतात. रसायनाचे थेंब टाकून पाण्याचा रंग पाहण्याची साधी परीक्षा असते. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो; नंतर नायट्राइट चढते, तेही उतरते. दोन्ही शून्यावर आली म्हणजे घर राहण्याजोगे झाले. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना गोड्या पाण्याच्या पेटीच्या बाबतीत एका दुकानदाराने पेटी आणि मासे एकाच दिवशी गळ्यात मारले होते. चौथ्या दिवशी त्यांनी मासे बदलून मागितले. दुकानदाराने आनंदाने नवे विकले. अशा दुकानदाराला थांबा म्हणणे परवडत नाही, आणि थांबावयाचे तर मुलांना धीर नाही. या दोहोंच्या मध्ये मासे मरतात.

तपमानाची गोष्ट तर आपल्याकडे फार विचार करायला लावणारी आहे. समुद्रघोडा उष्ण प्रदेशातलाही असतो, म्हणून पूर्वी त्याला इतर शोभेच्या माशांसारखे कोमट पाण्यात ठेवीत. मासे आजारी पडू लागले. शेपटीची टोके पांढरी पडून झडू लागली, तोंडे सुजू लागली. खाऱ्या पाण्यात 'व्हिब्रिओ' जातीचे जीवाणू नेहमीच थोडेफार असतात. मोकळ्या समुद्रात ते माशाला फारसे भारी पडत नाहीत. बंद पेटीत पाणी जसे कोमट होत जाते तसे ते झपाट्याने माजतात. म्हणून आजचे अनुभवी लोक उष्ण समुद्रातल्या जातीसुद्धा २० ते २३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवतात. ऑस्ट्रेलियाच्या थंड पाण्यातली जात त्याहूनही गार ठेवावी लागते. आता आपल्या गावचा वैशाख आठवा. २३ अंश पाणी ठेवावयाचे तर पाणी गार करणारे यंत्र दिवसरात्र चालले पाहिजे, आणि वीज गेली तर त्याला पर्याय पाहिजे. तिकडच्या थंड देशांतही उन्हाळ्यात असे यंत्र लावावेच लागते.

पाण्याच्या प्रवाहाविषयी जुनी आणि नवी मते एकमेकांविरुद्ध आहेत. जुन्या पुस्तकांत सांगत की हा दुबळा पोहणारा, याला जवळजवळ स्थिर पाणी द्या. ऐकायला दयाळू सल्ला होता. पण स्थिर पाण्यात कोपऱ्याकोपऱ्यांत अन्न सडते आणि प्राणवायू कमी पडतो. आता असे अनुभवास आले आहे की मध्यम प्रवाह त्याला सोसतो. फक्त पेटीत मंद पाण्याच्या जागा आणि शेपटीला धरायला भरपूर आधार हवेत. मग तो आपल्या सोयीने जागा निवडतो. आधार म्हणून समुद्रशैवाल लावतात, किंवा पंख्यासारखी शाखा असलेली कृत्रिम प्रवाळे ठेवतात. पण तो काय धरील याचा नेम नाही. पाणी तापवायच्या नळीला वेढा घातला तर भाजतो, म्हणून नळीला जाळी हवी. पंपाच्या तोंडाशी शेपटी गेली तर ओढली जाते, म्हणून तिथे स्पंज हवा. डंख मारणारी समुद्रफुले, नांगीचे खेकडे यांना पेटीत जागा नाही. चपळ माशांनाही नाही. ते काही करीत नाहीत, फक्त आधी जेवून घेतात, आणि एवढ्यानेच समुद्रघोडा मरतो. गोगलगायी आणि लहान कोलंब्या चालतात. त्या खालचे उष्टे साफ करतात.

आता जेवणाकडे येऊ. या छंदाची खरी परीक्षा काचेत नाही, पाण्यात नाही. ती रोजच्या जेवणात आहे. मोठ्या समुद्रघोड्याला दिवसातून दोन-तीन वेळा खायला लागते. सध्याचे मुख्य अन्न म्हणजे 'मायसिस' नावाचे कोलंबीसारखे बारीक प्राणी, गोठवलेले. यातला एक नावाजलेला मायसिस कॅनडातल्या ओकानागन सरोवरातून येतो, आणि त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९६६ साली तिथल्या माशांना चांगले खाद्य मिळावे म्हणून तो बाहेरून आणून सरोवरात सोडला. पाहुण्याने उलट त्या माशांच्या पिलांचाच घास खाण्यास आरंभ केला. पुढे त्याला जाळ्यांनी काढून, गोठवून, जगभर शोभेच्या माशांसाठी विकू लागले. अशा रीतीने एका सरोवराची चूक दुसऱ्याच माशांच्या पथ्यावर पडली.

गोठवलेला मायसिस वितळवून, गाळून, मोजून घालावयाचा. सगळा एकदम ओतला तर पाण्याबरोबर वाहून दगडांच्या फटीत जातो आणि सडतो. म्हणून पेटीत एका ठरावीक जागी शिंपला किंवा बशी ठेवतात आणि नळीने अन्न तिच्यात सोडतात. हे मासे काही दिवसांत ती जागा ओळखतात. पुढे तर पाळणारा पेटीसमोर येताच बशीजवळ हजर होतात. प्रत्येकाने खाल्ले की नाही हे बसून पाहावे लागते, कारण एका वेळी न जेवलेला समुद्रघोडा हे आजाराचे पहिले चिन्ह असते. अर्ध्या तासाने उष्टे काढून टाकावयाचे. हे सकाळी, हे संध्याकाळी, रविवारी, सणाला, घरात लग्न असले तरी. तिकडे सुट्टीवर जाणारी माणसे शेजाऱ्याकडे किल्ली आणि लिहून ठेवलेला कागद देऊन जातात. आपल्याकडे शेजारी किल्ली आनंदाने घेईल. पण 'थोडे जास्त घातले, उपाशी राहू नये म्हणून' हे त्याचे प्रेम माशांना भोवेल. पाळणाऱ्या कित्येकांचा छंद पैशापायी सुटत नाही, तो या वेळापत्रकापायी सुटतो, आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. हे अगोदर ओळखून ज्याने पेटीच घेतली नाही, त्याने समुद्रघोड्यावर उपकार केले असे आम्ही समजतो.

अन्नाचा प्रश्न निघाला म्हणजे मासा कोठून आणला हा प्रश्न त्याला चिकटूनच येतो. समुद्रातून धरलेल्या समुद्रघोड्याला हलते भक्ष्यच अन्न वाटते. मेलेला मायसिस समोर पडला तरी तो पाहत राहतो. पेटीत जन्मलेल्या माशाला लहानपणापासून गोठवलेले खाण्याची सवय लावता येते. हा भेद ज्यांनी प्रत्यक्षात आणला त्यांत हवाई बेटांवर १९९८ साली सुरू झालेले 'ओशन रायडर' हे समुद्रघोड्यांचे शेत प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातही असे उत्पादन होते. मात्र तिथल्या बाजारात दोन शब्दांची गल्लत होते. पेटीत जन्मलेला तो एक. आणि समुद्रात धरलेल्या नरापासून झालेली पिले समुद्रातच बांधलेल्या जाळ्यांत वाढवलेली, तो दुसरा. दोघांवर चिठ्ठी जवळजवळ सारखीच असते. जाणता गिऱ्हाईक विचारतो की हा गोठवलेले खातो का, आणि विकत घेण्यापूर्वी त्याला जेवताना पाहतो.

समुद्रातून उचलण्याला आवर घालणे का भाग पडले, हेही थोडक्यात सांगू. कॅनडाच्या शास्त्रज्ञ अमांडा व्हिन्सेंट यांनी पाण्याखाली उतरून समुद्रघोड्यांचा संसार पाहिला. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीत त्यांना दिसले की नर-मादी एकमेकांना धरून राहतात आणि रोज सकाळी भेटतात. भेटीत रंग उजळतात, एकाच गवताला शेपट्या गुंडाळून प्रदक्षिणा घालतात आणि मग आपापल्या जागी परततात. पेटीत मात्र ही निष्ठा टिकतेच असे नाही, हे तिथल्या पाळणाऱ्यांनी जरा खट्टू होऊन नोंदवले आहे. त्याच बाईंनी १९९६ साली समुद्रघोड्यांच्या व्यापाराची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा वर्षाला निदान दोन कोटी समुद्रघोडे विकले जात असल्याचे निघाले. त्यांतले बहुतेक वाळवून, चिनी औषधांसाठी. त्यानंतर २००२ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठरले आणि ते २००४ च्या मे महिन्यापासून अमलात आले. जिवंत माशांचा शोभेसाठीचा व्यापार या ढिगाऱ्यापुढे लहान होता. पण पेटीतला मासा मेला की नवा आणावयाचा, या रीतीने तोही समुद्राला ओरबाडीतच होता.

आता बाळंतपण. मुलांनो, इथे लक्ष द्या. समुद्रघोड्यांत बाळंत होतो तो बाप. मादी अंडी त्याच्या पिशवीत घालते. तिथे त्यांना प्राणवायू मिळतो, पोषण मिळते, आणि दिवस भरत आले म्हणजे आतले पाणी हळूहळू समुद्रासारखे खारट होत जाते. जात आणि तपमान यांप्रमाणे दोन ते चार आठवड्यांनी बाप शेपटीने घट्ट धरून कमरेतून पुढे-मागे वाकू लागतो आणि प्रत्येक कळेबरोबर पिलांचा एक लोट बाहेर पडतो. काही जातींत थोडीच डझने, तर काहींत हजारावर. पिलू भाताच्या शिताहूनही लहान, पण आकाराने हुबेहूब समुद्रघोडा. त्यानंतर आईबाप त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कित्येकदा चारच दिवसांत नर पुन्हा गरोदर असतो.

पाळणाऱ्याची परीक्षा खरी सुरू होते ती इथे. पिले उजेडाकडे धावतात. पेटीच्या काचेतून बाजूने उजेड आला तर काचेला डोके लावून बसतात आणि भक्ष्य त्यांच्या मागून निघून जाते. म्हणून बाजूच्या काचा काळ्या करून उजेड वरून देतात. पृष्ठभागाशी फार वेळ राहिली तर ती हवा गिळतात, बुचासारखी तरंगतात आणि मरतात. हे टाळण्यासाठी पाणी गोल फिरत राहील अशी पेटी वापरतात. तिचे नाव 'क्रायझेल'. जर्मन भाषेत याचा अर्थ भोवरा. १९६८ साली एका जर्मन शास्त्रज्ञाने समुद्रातले तरंगते नाजूक जीव सांभाळण्यासाठी ती वर्णिली, आणि घरगुती पाळणाऱ्यांनी तिचे अनुकरण गोल भांडी व हवेचे बुडबुडे वापरून केले. अन्न म्हणून आर्टेमियाची ताजी पिले द्यावी लागतात. आर्टेमिया म्हणजे खारट सरोवरांतला एक बारीक जीव. आपल्याकडे सांभर सरोवरात आणि मुंबईच्या मिठागरांत तो आढळल्याच्या नोंदी आहेत. त्याची अंडी वाळवून डब्यात भरली तर वर्षानुवर्षे टिकतात, आणि खाऱ्या उबदार पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात पिले बाहेर येतात. ती ताजी असतानाच पौष्टिक. उद्यासाठी ठेवली तर त्यांच्यातला बलक संपतो. म्हणून आज एक बरणी लावावयाची, उद्या दुसरी, परवा तिसरी, आणि दिवसातून अनेक वेळा वाढावयाचे. काही जातींच्या पिलांच्या तोंडात आर्टेमियाही मावत नाही. त्यांच्यासाठी त्याहून बारीक जीव वाढवावे लागतात, आणि त्या जिवांसाठी शैवालाचे हिरवे पाणी. एका पेटीवरून घरात दहा बरण्या होतात आणि न्हाणीघराची वाटणी सुरू होते. एवढे करून पहिल्या विणीतली सगळी पिले दगावली अशी उदाहरणे भरपूर आहेत. दोन-तीन विणींनंतर हात बसतो. मग जी दोन-तीन महिन्यांची होऊन गोठवलेले टिपू लागतात, ती वाचली असे धरतात.

या सगळ्या खटाटोपाचा समुद्राला कधी काही उपयोग होतो काय? काही ठिकाणी झाला आहे. सिडनीच्या बंदरात व्हाइटचा समुद्रघोडा नावाची जात कमी होत चालली, कारण तिचे पाणगवत आणि मऊ प्रवाळे नाहीशी झाली. तिथल्या मत्स्यालयात या जातीची पिले वाढवली, समुद्रतळावर तारांचे पिंजरे बांधले आणि २०२० साली पिले त्या पिंजऱ्यांवर सोडली. पिंजऱ्यांवर शैवाल आणि स्पंज चढतात, त्यांत भक्ष्य येते आणि शेपटीला धरायला तार असते. कल्पना सुचली ती टाकून दिलेल्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर समुद्रघोडे बसलेले पाहून. काचपेटीत जे शिकले ते इथे उपयोगी पडले. आपल्याकडेही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत 'कुडा' या पिवळ्या जातीच्या समुद्रघोड्यांवर अभ्यास झाला आहे. असे काम संस्थांनी करावे. आपल्या बैठकीच्या खोलीत त्याला जागा नाही.

कायद्याने प्रश्न सुटला का, असे कोणी विचारील. आमचे मत स्पष्ट आहे. कायदा योग्य आहे, पण तो पुरेसा नाही. २०१७ साली काही देशांच्या माहितीवरून केलेल्या अंदाजात, वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे जाळ्यांत सापडतात असे आले. हे कोणी समुद्रघोड्यांसाठी टाकलेले जाळे नसते. कोलंबीसाठी तळ खरवडत नेलेल्या जाळ्यात तो गवतासकट येतो. त्या जाळ्याला कायदा वाचता येत नाही. खलाशाने तो वाळवून विकला तर तो गुन्हेगार. मेलेला समुद्रात फेकला तर निर्दोष. समुद्रघोड्याला दोन्हीत फरक नाही. जिथे पाणगवत आहे, कांदळवन आहे, तिथे तळ खरवडणारे जाळे नेऊ न देणे हा खरा उपाय, आणि त्यासाठी किनाऱ्यावर पहारा लागतो, मासेमाराशी बोलणी लागतात, त्याच्या पोटाचा विचार लागतो.

आमच्या श्रोत्यांपैकी ज्यांना घरी काचपेटी ठेवावयाची हौस आहे त्यांनी गोड्या पाण्याची ठेवावी, आणि सहा आठवड्यांचे पथ्य तिथेही पाळावे. शोभेच्या माशांच्या दुकानात कधी काडीसारखा लांबट, नळीच्या तोंडाचा मासा दिसला तर जपून असावे. ते नळीमासे समुद्रघोड्याचेच भाऊबंद; कायदा त्यांनाही लागू आहे. आणि आपल्यापैकी कोणाचे गाव खाडीकाठी असेल, तर सुट्टीत तिकडे गेल्यावर तिथल्या मंडळींना एवढे जरूर सांगावे. हातजाळ्यात समुद्रघोडा जिवंत आला तर मुलांना दाखवायला बादलीत ठेवू नये. तो ओल्या हाताने उचलून लगेच पाणगवताजवळ किंवा कांदळाच्या मुळांशी पाण्यात सोडावा. तो घाईने पळून जाणार नाही. पळणे त्याला येतच नाही. थोडा वेळ डोलत राहील, मग शेपटीला एखादी काडी सापडेल आणि तिला वेढा घालून तो तिथे उभा राहील.